समुद्राच्या तळाशी कंदील

माझी नात ईरा परवा गाझियाबादला माझ्याकडे राहायला आली होती. मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते आणि ती बाहेर फोनवर मैत्रिणीशी कडाकडा भांडत होती. मला वाटलं, कॉलेजमध्ये काही झालं की काय. कान दिला तर भांडण कुठल्याशा मालिकेतल्या सैन्यावरून चाललेलं. ते सैन्य म्हणे एका भागात बर्फात अडकलेलं असतं आणि पुढच्याच भागात समुद्राकाठी पोचतं. “यार, उडून गेले का ते? काही लॉजिक आहे की नाही?” असं ती तावातावाने विचारत होती. मी हसले, पण हसता हसता हात थांबला. ज्या घरात मी लहानाची मोठी झाले, तिथे दर रविवारी हाच प्रश्न विचारला जायचा, तोही देवपूजेपेक्षा जास्त गांभीर्याने. आणि याच प्रश्नापायी आमच्या घरातून एक माणूस उठून गेलं होतं.

आम्ही तेव्हा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे एक चिंचोळी बाल्कनी, तिथे आईची तुळस आणि बाबांची सायकल. बाबा मूळचे मिरजेचे, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. त्यांच्या स्वभावात ऑफिस इतकं मुरलं होतं की भाजीत मीठ कमी पडलं तरी ते “या बाबतीत असं निदर्शनास येतं की” अशी सुरुवात करायचे. आई मात्र कुणाच्या अध्यात ना मध्यात. रविवारी सकाळी तिच्या कढईत मोहरी तडतडायची, खाली कबाडीवाला ओरडायचा, शेजारचे त्रिवेदीजी आपल्या स्कूटरला लाथा घालत असायचे आणि मी गच्चीवर अँटेना फिरवत “दिसतंय का?” म्हणून विचारत असायचे. खालून दादाचा आवाज यायचा, “थोडं अजून! हां, बस, बस, आता हात लावू नकोस!” मग मी धावत खाली यायचे, कारण सीरियल सुरू व्हायची वेळ झालेली असायची.

तिचं नाव काय होतं ते आता महत्त्वाचं नाही. आम्ही नुसतं ‘सीरियल’च म्हणायचो. एक राजकन्या, तिला पळवून समुद्राच्या तळाशी नेणारा एक मायावी राजा, तिला शोधत निघालेला राजकुमार आणि त्याचा एक बोलका पोपट, असा सगळा मामला. आमच्या जिन्यात रंगीत टीव्ही पहिल्यांदा आमच्याकडे आला, त्यामुळे त्रिवेदीजी दर रविवारी जिलेबीचा पुडा घेऊन हजर. दुसरा पाहुणा म्हणजे महादेव, बीडकडच्या एका खेड्यातला मुलगा. तो दादासारखाच दिल्लीत मोठ्या परीक्षेची तयारी करत होता, खोलीवरच्या खिचडीला कंटाळला होता आणि आईच्या पोह्यांसाठी दोन बस बदलून यायचा. सीरियल चालू असताना बोलायची बंदी होती. संपली की बाबा टीव्हीचा आवाज बारीक करायचे, खुर्ची वळवून घ्यायचे आणि म्हणायचे, “हं, मांडा मुद्दे.”

मग जी चर्चा व्हायची, ती लोकसभेतही होत नसेल. अंगठी घातली की राजकुमार अदृश्य होतो, मग त्याची तलवार का दिसते? पोपटाला सगळ्या भाषा येतात, मग त्याला राक्षसाचं कुजबुजणं का कळत नाही? चेटकीण कुणालाही दगड करू शकते, तर ती पायऱ्या चढून दमते कशी? महादेवला परीक्षेमुळे दोन्ही बाजू मांडायची इतकी सवय झाली होती की तो स्वतःच्याच म्हणण्याला विरोध करायचा. त्रिवेदीजी जिलेबीचा पाक बोटांनी निपटत म्हणायचे, “अरे शिंदे साहब, जादू है भई, जादू में क्या देखना!” यावर बाबा एकदम ताठ बसायचे. “नहीं त्रिवेदीजी. जादूलाही नियम लागतो,” असं ते अर्धं हिंदीत अर्धं मराठीत सांगायचे. “नियम काहीही करा, माझी हरकत नाही. पण एकदा केला की पाळा.” तो त्यांचा आयुष्याचाच नियम होता म्हणा ना.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ शेखर, या चर्चेत सगळ्यांत कमी बोलायचा आणि सगळ्यांत नेमकं बोलायचा. त्याचं लक्ष गोष्टीपेक्षा वस्तूंकडे असायचं. मुकुट पुठ्ठ्याचा आहे की पत्र्याचा, खांबाला खरा रंग आहे की कागद गुंडाळलाय, हे तो एका नजरेत सांगायचा. त्याचे हातच तसे होते. दिवाळीला आमच्या बाल्कनीत त्याने केलेला आकाशकंदील लागायचा. बांबूच्या काड्यांचा अष्टकोन, पतंगाचा कागद, कडांना सोनेरी कागदाच्या दुमडलेल्या करंज्या आणि खाली झिरमिळ्या. मी दिल्लीत वाढलेली, मला झिरमिळ्या हा शब्दच येत नव्हता. मी ‘शेपट्या’ म्हणायचे आणि दादा चिडवायचा. दिल्लीतल्या आमच्या पहिल्या दिवाळीला पतंगाचा कागद ऐनवेळी कमी पडला होता, तेव्हा दादाने, लहानच होता तो, मिरजेहून लाडवांच्या डब्याभोवती गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्राची एक पट्टी कापून मधोमध चिकटवली होती. रंगीत झिरमिळ्यांच्या मध्ये ती एक काळी-पांढरी. बाबा म्हणाले होते, “हे काय ध्यान!” पण आईला ती फार आवडली. “गावाकडचं काहीतरी असू दे की,” ती म्हणाली. तेव्हापासून कागद भरपूर असला तरी दर वर्षी मधली झिरमिळी वर्तमानपत्राचीच, हा आमच्या घरचा रिवाज झाला. बाहेरचं कुणी विचारलंच तर आम्ही नुसते हसायचो.

ज्या रविवारी ते घडलं, त्या दिवशी सीरियलमध्ये समुद्रातळाचा राजवाडा पहिल्यांदा दाखवला होता. भिंतींवर मोठमोठ्या मशाली भडभडा पेटलेल्या. सीरियल संपली, बाबांनी खुर्ची वळवली आणि त्या दिवशी दादा पहिल्यांदाच आपणहून बोलला.

“समुद्राच्या तळाशी मशाल पेटेल कशी?”

बाबांचं उत्तर तयार होतं. “मायावी राजाने पाणी अडवलंय. आत हवा आहे. हवा असेल तर मशाल पेटेल. नियमात बसतं.”

“मग खिडकीतून मासे पोहत आत आले ते?”

त्रिवेदीजी खो खो हसले. महादेवने पोह्यांची बशी खाली ठेवून टाळी दिली. बाबा हसले नाहीत. दादा आपल्याच नादात पुढे बोलत राहिला, “तिथे बंद कंदील हवेत, बाबा. कागदाचे असले तरी चालतील. जादूचा कागद म्हणायचं.”

“पाण्यात कागद? हे तुझं लॉजिक?”

“मशालीपेक्षा बरं. निदान कुणीतरी बसून विचार केलाय, असं तरी वाटेल.”

माझी खात्री आहे, त्रिवेदीजी तेव्हा हसले नसते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण चारचौघांत मुलगा वरचढ ठरला, हे बाबांना लागलं. दादाची परीक्षा नुकतीच दुसऱ्यांदा हुकली होती आणि महादेवची पहिली पायरी पार झाली होती. बाबा अगदी शांतपणे म्हणाले, “हे डोकं परीक्षेच्या हॉलमध्ये कुठे गेलं होतं?”

महादेवने मान खाली घातली, जणू पास होणं हा त्याचाच गुन्हा. आई उलथनं हातात घेऊन दारात उभी होती. दादाने बशी उचलली, मोरीत नेऊन धुतली, फळीवर पालथी घातली आणि आतल्या खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रोजच्यासारखा पिशवी घेऊन निघाला. आम्हांला वाटलं, वाचनालयात गेला असेल. संध्याकाळी तो आला नाही.

काही दिवसांनी त्रिवेदीजींच्या घरी त्याचा फोन आला. आमच्याकडे फोन नव्हता. मी ठीक आहे, काम करतो, आईला सांगा, एवढं बोलून त्याने ठेवला. कुठे आहे, काय काम करतो, काही नाही. आई रोज त्यांच्या दारावरून जाताना जरा रेंगाळायची, आतून घंटी वाजली की तिचं पाऊल अडायचं. आई-बाबा पोलिसांत गेले तेव्हा तिथला माणूस म्हणाला, मुलगा सज्ञान आहे, फोन करतोय, मग हरवला कुठे? बाबांना ते पटलं. पटलं म्हणजे काय, त्यांना टेकायला एक कारण मिळालं. “तो स्वतःच्या पायांनी गेलाय,” ते म्हणायचे, “स्वतःच्या पायांनी येईल.” हाही त्यांचा नियम. आई त्यावर काही बोलायची नाही, फक्त रात्री जेवताना दादाचं ताट मांडायची आणि सगळ्यांची जेवणं झाली की उचलून ठेवायची. बाबा त्या ताटाकडे न बघता जेवायला शिकले.

रविवारची बैठक मात्र बंद झाली नाही. ती बंद केली असती तर काहीतरी बिघडलंय हे बाबांना कबूल करावं लागलं असतं. त्रिवेदीजी जिलेबी आणत राहिले, महादेव येत राहिला, मी एकटीच अँटेना फिरवून खाली येऊन बघून पुन्हा वर जायला शिकले. चर्चेत पूर्वीचा जीव नव्हता. लग्नघरी कुणाचं तरी आजारपण चालू असावं, तसं सगळे जपून बोलायचे. मी आज बाबांच्या तेव्हाच्या वयाच्याही पलीकडे आले आहे आणि मला वाटतं, बाबा त्या महिन्यांत फार एकटे होते. तेव्हा मला त्यांचा फक्त राग यायचा. आईशी मी रागाने बोलायचे, “तू त्यांना काही म्हणत का नाहीस?” ती म्हणायची, “म्हणायला हातात काहीतरी लागतं गं.”

दिवाळी जवळ आली. “यंदा कंदील नको,” आई म्हणाली आणि बाबांनी मान हलवली. त्याच आठवड्यातला रविवार. राजकन्या राजवाड्यातून पळायचा प्रयत्न करते तो भाग होता. पडद्यावर राजवाडा आला आणि महादेव नियम मोडून ओरडला, “काका, मशाली गेल्या!”

खरंच गेल्या होत्या. मशालींच्या जागी छताला कंदील टांगले होते. मोठे, सोनेरी, आतून मंद उजेड येणारे. त्रिवेदीजी तर जागेवरून उठलेच. “देखा? सुधार लिया! शेखर ने यही तो कहा था!” एवढं बोलून त्यांना आपली चूक कळली आणि ते खाली बसले. दादाचं नाव त्या खोलीत कित्येक दिवसांनी कुणीतरी उच्चारलं होतं. बाबांनी डोळे पडद्यावरून हलवले नाहीत. मग राजकन्या एका कंदिलाखाली येऊन रडायला लागली, कॅमेरा जवळ गेला, कंदील वाऱ्यावर हलला. समुद्राच्या तळाशी वारा कुठला, हा मुद्दा त्या दिवशी कुणालाच सुचला नाही. कारण त्रिवेदीजी पुन्हा हसायला लागले होते. “अरे ये देखो! पाताल लोक में अखबार आता है क्या?”

कंदिलाच्या खाली सोनेरी झिरमिळ्या होत्या आणि त्यांच्या बरोबर मधोमध एक काळी-पांढरी पट्टी. छापील अक्षरांची. वाचता येत नव्हती, पण वर्तमानपत्राची आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं.

आईच्या हातात पोह्यांची कढई होती. तिने ती जमिनीवर ठेवली आणि टीव्हीपुढे जाऊन बसली, इतकी जवळ की आम्हांला पडदा दिसेना. दृश्य बदललं, राजकुमार आला, पोपट बोलला, तरी ती तशीच बसून होती. सीरियल संपल्यावर बाबांनी सवयीने आवाज बारीक केला, खुर्ची वळवली, पण “मांडा मुद्दे” काही त्यांच्या तोंडून निघेना.

“तो शेखर आहे,” आई म्हणाली.

“उगाच काहीतरी,” बाबा म्हणाले. “कागद कमी पडला असेल. कुणीही लावेल.”

आई उभी राहिली. इतक्या रविवारांत ती त्या बैठकीत कधी एक शब्द बोलली नव्हती. “कागद कमी पडला असता तर पट्टी कडेला लागली असती. मधोमध कोण लावतं? दिल्लीत करंज्यांचा कंदील कोण करतं, सांगा बरं! आणि मशाली काढून कंदील लावा, हे या घरात बसून कोण म्हणालं होतं? तुम्हीच म्हणता ना, नियम एकदा केला की पाळायचा? हा माझ्या घरचा नियम आहे. माझं पोर तो तिथे बसून पाळतंय.”

महादेव हळूच म्हणाला, “काकू बरोबर बोलतायत, काका. याला दुसरी बाजू नाही.”

बाबांनी उठून टीव्ही बंद केला. मग म्हणाले, “पुढच्या रविवारी पुन्हा नीट बघू. खात्री झाली की—”

“मी पुढच्या रविवारपर्यंत थांबणार नाही,” आई म्हणाली. “तुम्ही बघा. मी जाते.”

सीरियल नोएडातल्या कुठल्या स्टुडिओत बनते, ते त्रिवेदीजींनी ओळखीच्या माणसाला फोन करून शोधून काढलं. सोमवारी बाबांनी रजा टाकली. त्यांना ताप असतानाही मी रजा टाकताना पाहिलं नव्हतं. आईने मुरमुऱ्यांचं भडंग केलं, वरून शेंगदाणे आणि लसूण, दादाला आवडायचं तसं, आणि डबा साडीच्या पदरात धरून बसली. आता ईरा मेट्रोने बघता बघता नोएडाला जाते. आम्हांला बस बदलत बदलत अर्धा दिवस लागला. यमुनेच्या पुलावर आईने हात जोडले. बाबा खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते देवाचं नाव घेत नव्हते, हे मला नक्की माहीत आहे. ते काय बोलायचं त्याचा मसुदा करत होते.

स्टुडिओच्या फाटकावर दरवान होता. “किससे मिलना है?” त्याने विचारलं. बाबा कुठेही गेले की आधी आपलं पद सांगायचे, मग नाव. मी तेच ऐकायच्या तयारीत होते. ते म्हणाले, “शेखर शिंदे का बाप हूँ मैं.”

“अच्छा, वो कंदीलवाला?” दरवान म्हणाला आणि आत गेला. आईने डोळ्यांना पदर लावला. मग कितीतरी वेळ आम्ही त्या उन्हात उभे होतो. आतून हातोडीचे आवाज येत होते, दोन माणसं एक थर्मोकोलचा खांब खांद्यावर टाकून एखाद्या उशीसारखा सहज घेऊन गेली. बाबा त्या खांबाकडे बघत राहिले.

त्या मालिकेच्या वेड्यांचे आता फोनवर गट आहेत. आमच्या जिन्यातल्या जुन्या मंडळींचाही एक आहे, त्यात कुणी ना कुणी तिच्यातल्या चुकांची चित्रं पाठवत असतं. राक्षसाच्या मनगटावरचं घड्याळ, पोपटाच्या पायाचा दोरा. त्यांत पाताळातल्या वर्तमानपत्राचं चित्र हटकून असतं आणि त्याखाली हसून लोळणारे चेहरे. सगळ्यांत मोठी चूक, असं लोक म्हणतात. मी ते चित्र दर वेळी उघडून बघते, आणि काही न लिहिता फोन ठेवून देते.

दादा आला तेव्हा तो मला आधी ओळखूच आला नाही. वाळला होता, दाढी वाढली होती, केसांत प्लास्टरची पांढरी पूड. फाटकाच्या आत तो थबकला. आई पुढे झाली नाही. तिला पुढे व्हायचं होतं, मी तिच्या दंडाला धरून उभी होते, मला ते कळत होतं. पण ती बाबांकडे बघत होती. पहिलं पाऊल त्यांनी टाकावं म्हणून ती थांबली होती. बाबा फाटकापर्यंत गेले. बसमध्ये केलेला सगळा मसुदा ते विसरले असावेत. त्यांनी घसा साफ केला आणि ऑफिसातल्या आवाजात म्हणाले,

“कंदील चांगले झालेत. पण ती पट्टी दिसत होती. आतल्या बाजूने चिकटवायला हवी होती.”

दादा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याचा खालचा ओठ लहानपणी रडू यायच्या आधी हलायचा, तसा हलला.

“दिसावी म्हणूनच बाहेर लावली होती, बाबा. रविवारी तुम्ही सगळे बघत असणार.”

बाबांनी विचार केला. खरोखरच केला, बिनतोड मुद्दा पुढे आला की ते जसे क्षणभर डोळे मिटायचे, तसे मिटले. मग त्यांनी हात पुढे करून दादाच्या केसांतली पांढरी पूड झटकली. एकदा झटकून गेली नाही म्हणून पुन्हा झटकली.

“मग बरोबर आहे,” ते म्हणाले.